नेलगनची पसंती

अकराव्या रविवारीही फेलेतीने नेलगन, म्हणजे खिळे ठोकायचं यंत्र, नापसंत केली. ऑकलंडमधल्या हत्यारांच्या दुकानात उभा राहून त्याचा मुलगा मोसेसे फोनवर एकेक गन उचलून दाखवत होता आणि इकडे तोंगा बेटावर म्हातारा पायरीवर बसून नाक मुरडत होता. गॅसवाली नको, गॅसची नळकांडी इथे मिळत नाहीत. कॉम्प्रेसरवाली नको, आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. बॅटरीवाल्या दोन होत्या. पहिली जड. दुसरी बरी होती, पण तिची मूठ त्याला पटेना. सोयरीक जमवतानाही कोणी इतक्या खोडी काढत नाही.

आत त्याची लेक लुपे जेवण वाढत होती आणि भांडी आपटत होती. वादळाने अर्धं छप्पर नेलं त्याला तीन महिने होत आले होते. पत्रे अंगणात पडून होते, वासे भिंतीला टेकून होते, खिळ्यांचा डबा भरलेला होता. तरी बाप तिला हात लावू देत नव्हता. हातोडीचं काम कच्चं, म्हणे. मोसेसेची नेलगन आली की दोन दिवसांत छप्पर उभं. तोवर ताडपत्री. त्या ताडपत्रीखाली लुपेची गादी होती आणि वर्षभर खपून तिने विणलेल्या चटया होत्या. गेल्या आठवड्यात सगळ्यात मोठी चटई भिजली. आज सकाळी तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके दिसले.

आणि हे सगळं कोणासाठी? आईच्या मयताला जो आला नाही त्याच्यासाठी. त्यावरून बाप त्याला नको नको ते बोलला होता आणि मग चार वर्षं दोघांत एक शब्द नव्हता. वादळाची बातमी ऐकून पोराने फोन केला, बाबा, नेलगन पाठवू का, एवढंच विचारलं, आणि म्हातारा विरघळला. घरात राहून त्याचं सगळं करणारी लेक मात्र ओल्या गादीवर. आठवड्याचे सहा दिवस तो ठोकू देत नव्हता. रविवार देवाचा म्हणून गावात कोणी सुईलाही हात लावत नाही, त्या दिवशी याच्या खिळ्यांच्या गप्पा.

"मूठ जरा घसरेल असं वाटतं रे," फेलेती फोनवर म्हणत होता. "पुढच्या रविवारी दुसरं एखादं दुकान बघ."

लुपेचं डोकं फिरलं. बाहेर येऊन तिने त्याच्या हातातला फोन हिसकावला.

"मोसेसे, ती दुसरी, बॅटरीवाली. आज घे, उद्या बोटीवर चढव. मला आता यावर एक शब्द ऐकायचा नाही."

"हो, ताई," मोसेसे म्हणाला. थोरल्या बहिणीचा शब्द तोंगात भाऊ मोडत नाही. तासाभरात पावतीचा फोटो आला. म्हातारा पाठ फिरवून बसला. फुगलाय, लुपे मनात म्हणाली. फुगू दे.

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर फेलेतीने कपडे बदलले नाहीत. चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची चटई तशीच ठेवून, फोन मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला. दुपार कलली. ताटातलं जेवण निवलं. फोन काही वाजला नाही.

"गन निघाली ना तुमची? मग सुतकी चेहरा कशाला?" लुपेने विचारलं.

"घेऊन झाली," तो म्हणाला. "आता तो कशाला फोन करेल?"

लुपेने विचारलं, तुम्हाला गन नकोच होती का. त्यावर तो पुटपुटला, घरात तीन हातोड्या आहेत.

तिला असा संताप आला की तो फोन समुद्रात भिरकावून द्यावा. मी रोज इथे तुमच्याशी बोलते ते काय बोलणं नाही का, असं तोंडावर विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. उत्तराची तिला भीती वाटली.

"उद्या त्यातली एक हातोडी घेऊन मी वर चढणार," ती म्हणाली. "मला अडवायचं नाही. आणि छप्पर झालं हे त्याला सांगायचं नाही."

मग तिने फोन उचलला आणि मोसेसेला लावला. ताईचा आवाज ऐकून तो घाबरला. काही चुकलं का, म्हणाला.

"चुकलं नाही तर काय? गन घेतलीस, पण तिच्यात खिळे कुठले घालायचे? लांबी किती, जस्त चढवलेले की साधे, काही ठरवलंस? बाबांना विचार," ती चढ्या आवाजातच म्हणाली. "आणि मोसेसे, घाई करू नकोस."