सुभेदाराची पाठ

"केस विंचरणं ही संस्कृतीची पहिली पायरी आहे, आबासाहेब! ज्याला केसांची जात ओळखता येत नाही, त्यानं ब्रशला हात लावू नये."

फिलिपमास्तरांनी हे अंगणात उभं राहून सांगितलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. टोपीखाली विंचरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आबासाहेबांनी मान डोलावली. शेवगावला पुतणीचं लग्न होतं, म्हणून ते आपला कुत्रा, सुभेदार, शेजारी मास्तरांकडे सोडून गेले होते. आज आले ते घरी न जाता आधी इथंच.

"लांब केसांना विरळ दातांचा ब्रश," मास्तर पुढे म्हणाले, "दाट, लोकरी केसांना लोखंडी दातांचा. आणि आखूड केसांना..."

ते थांबले. सुभेदार आखूड केसांचा होता. शिकारी अंगकाठी, सुपारीसारखं गुळगुळीत अंग. बाजेशेजारी तो बसला होता आणि त्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत लाल रेघा होत्या, शाळेच्या वहीसारख्या सरळ.

"ह्ये काय झालं?" आबासाहेब म्हणाले.

"तारेच्या कुंपणात घुसला होता."

लसूण सोलत बसलेल्या दीनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात.

मोबाईलवरच्या व्हिडिओत कुत्र्याच्या अंगातून मूठमूठ केस निघत होते. ते पाहून मास्तरांनी लेकीच्या झिपऱ्या कुत्र्यासाठी आणलेला लोखंडी दातांचा ब्रश काढला होता. सुभेदाराचे केस काही निघेनात, तसा त्यांनी जोर वाढवला. वर्गात उत्तर निघेना, तेव्हाही ते हेच करत.

"जनावर हाय, जायचंच तारंत," आबासाहेब म्हणाले. "तुमी पोटच्या पोरावानी जपलं, लई झालं." त्यांनी लग्नातल्या बुंदीची पिशवी बाजेवर ठेवली. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"आता जाता जाता येकदा तुमच्या हातानं इंचरून द्या त्येला. आमाला काय कळतंय त्यातलं?"

"आज नको. ऊन फार आहे."

"सावलीत द्या की," दीनाबाई उठल्या. "थांबा, ब्रश आणते."

"अगं दीना, राहू दे..."

त्या घेऊनच आल्या.

लोखंडी दात दिसले मात्र, सुभेदार पोट घासत बाजेखाली शिरला. फरशी ओली झाली. आबासाहेबांनी वाकून हाक मारली, चुचकारलं, बुंदी पुढे केली. कुत्रा भिंतीला चिकटून थरथरत राहिला. डोळे मास्तरांवर.

आबासाहेब वाकलेले तसेच राहिले. मग त्यांनी दीनाबाईंच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं. दीनाबाईंनी तो पदराखाली घेतला.

मास्तरांचे कान तापले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलणं तर त्यांना येत होतं.

"आबासाहेब, माणूस कितीही शिकला तरी, म्हणजे प्रेमापोटीसुद्धा कधी कधी त्याच्या हातून..."

"मास्तर," आबासाहेब हळूच म्हणाले, "तुमी जरा घरात जाता का? त्येला भाईर यायचंय."