डाव्या हाताची कात्री

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडल्यापासून दादा गच्चीवर फिरकलेच नव्हते. चाळीस कुंड्यांची बाग फुलवणारा माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडून असे. वाढदिवसाला शैलजाने वडिलांसाठी डाव्या हाताने चालवायची छाटणीची कात्री आणली खरी, पण देताना ती घुटमळली. आपण त्यांच्या दुखऱ्या जागेवरच बोट तर ठेवत नाही ना?

दादांनी कात्री उलटीपालटी करून पाहिली आणि उशाशी ठेवली. शैलजा खट्टू होऊन स्वयंपाकघरात गेली. चहा घेऊन परतली, तर पलंग रिकामा! ती जिन्याकडे धावली.

वर दादा कठड्याला टेकून जास्वंदीपाशी उभे होते. पायाशी वेड्यावाकड्या छाटलेल्या फांद्या पडल्या होत्या.

"दादा, एकटे कसे चढलात? मला हाक तरी मारायची!"

"ते राहू दे," दादा तिच्यावरच डाफरले. "झाडाला मावा लागलाय, तुला दिसला नाही? जा, कडुनिंबाचं तेल घेऊन ये!"

चार महिन्यांत दादा पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडले होते. शैलजा डोळे पुसत, हसत तेल आणायला खाली पळाली.