एकोणीस नंबरवरचा शब्द

"रेडिओ मागाहून, बाई. आधी अँटेना ठरवा." कायेतानने हेन्रिकाबाईंच्या हातातला चकचकीत संच काढून घेतला आणि फळीवर परत ठेवला. "याला नुसते दिवेच बारा. आवाज दिव्यांतून जात नाही, अँटेनेतून जातो."

प्योत्रकुफ शहराच्या हमरस्त्यावर, ट्रक थांबतात तिथे त्याचं रेडिओचं दुकान होतं. बावीस वर्षं ट्रक चालवून कंबरेने संप पुकारल्यावर तो इथे बसला. पण ट्रकवाले त्याला ओळखत ते दुकानामुळे नव्हे. ट्रकमधल्या बोलायच्या रेडिओवर, चॅनेल एकोणीसवर, जिथे सगळा रस्ता एकमेकांशी बोलतो, तिथे त्याने आजवर एकही खोटी खबर दिली नव्हती. ही गोष्ट तो गिऱ्हाइकाला चहा विचारायच्या आधी सांगे.

हेन्रिकाबाई लिपोवा गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा रस्त्याच्या एका बाजूला, मुलांची बस थांबते पलीकडच्या बाजूला. सप्टेंबरात एका मुलीचं दप्तर ट्रकखाली गेलं. मुलगी हातभर मागे होती म्हणून वाचली. पोलीस उभे करा, असे तीन अर्ज बाईंनी केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: माणसं कमी आहेत.

"ट्रकवाल्यांचं बोलणं कानावर आलं, की किती येताहेत ते कळेल," बाई म्हणाल्या. "तेवढा वेळ मुलांना धरून ठेवीन."

"म्हणजे फक्त ऐकायचंय. मग हा छोटा घ्या."

"आणि कुणी काही विचारलं, तर तोंड मिटून बसू? मुख्याध्यापिका आहे मी, कायेतानराव."

त्याला हसू आलं. त्याने छपरावर लावायची उंच अँटेना काढली.

"हिचा आवाज किती लांब जाईल?"

"दहा-बारा किलोमीटर."

"दोन्ही बाजूंना?"

"चारी बाजूंना. आमच्याकडे डोंगर आहेत कुठे अडवायला?" मग त्याने खरखर दाबायचं बटण दाखवलं, अँटेना संचाशी जुळवून घेतली नाही तर संच कसा जळतो ते सांगितलं. "आणि बोलताना आधी जागा, मग बाजू, मग काय दिसतं ते. पोलिसांना 'अस्वलं' म्हणायचं. पाल्हाळ नको, लोक तुमचे विद्यार्थी नाहीत."

"बरं."

"आणि खोटं बोलायचं नाही. एकदा पकडलं, की त्या आवाजाला पुन्हा कुणी विचारत नाही."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली.

त्याच दुपारी कायेतानने स्वतः शाळेच्या छपरावर अँटेना चढवली, खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि एकोणीसवर जाहीर केलं, "भावांनो, लिपोवात नवा आवाज आलाय. शाळेच्या बाई. त्या बोलतील ते मी बोललो असं समजा."

पुढच्या सोमवारी सकाळी तो दुकान उघडत होता, तेवढ्यात संच बोलला. "लिपोवा, शाळेजवळ, दोन्ही बाजूंना अस्वलं. सावकाश या."

"अर्ज पावला म्हणायचा!" कायेतान रिकाम्या दुकानाला म्हणाला. "आणि आवाज ऐका! अँटेना कुणी लावलीय?"

मंगळवारी तीच खबर, त्याच वेळेला. बुधवारी तीच. गुरुवारी मात्र एक घोगरा आवाज मध्ये घुसला.

"कायेतान, मी आत्ताच लिपोवातून बाहेर पडलो. अस्वल सोड, मांजर नव्हतं तिथे. तुझ्या बाई फेकतात."

"असं असेल तर उद्यापासून ब्रेकवर पाय कशाला ठेवायचा?" दुसरा म्हणाला. "आणि कायेतानचा शब्द? तोही फेकलेलाच का?"

"जाऊन बघतो," म्हणत कायेतानने दुकान बंद केलं आणि व्हॅन काढली. बाईंना काय काय सुनवायचं ते वाटेत दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या खेपेला ते जास्त चांगलं जमलं.

लिपोवात पोलीस नव्हते. बस थांबलेली होती. मुलं रस्ता ओलांडत होती, आणि त्यातलं एक भर रस्त्यात बसून बुटाची नाडी बांधत होतं. त्याच्यापासून वीस पावलांवर चाळीस टनांचा ट्रक गुरगुरत उभा होता. त्यामागे आणखी तीन, गोगलगायीसारखे येत होते. शाळेच्या खिडकीत हेन्रिकाबाई माईक धरून उभ्या. त्यांनी कायेतानला पाहिलं. माईक खाली गेला, मान मात्र गेली नाही.

"पोहोचलास का रे?" व्हॅनमधल्या संचातून तोच घोगरा आवाज आला. "अख्खा रस्ता ऐकतोय. अस्वलं आहेत की नाहीत, एवढंच सांग."

नाडी बांधून झाली होती. आता दुसऱ्या बुटाची चालू होती.

कायेतानने माईक उचलला.

"लिपोवा. प्योत्रकुफकडून येताना उजवीकडे, शाळेच्या भिंतीमागे," तो एकेक शब्द तोलून म्हणाला. "दोन गाड्या. लपून उभ्या आहेत, म्हणून तुला दिसल्या नाहीत. आणि आता रोज असणार आहेत."