डावीकडची सीट

पोलीस ठाण्याच्या गस्तीसाठी नवी गाडी निवडायची होती. दोन गाड्या चालवून शिओरी तिसरीत एकटीच बसली, आणि सीटबेल्टचा इशारा वाजू लागला. तिचा बेल्ट लावलेला होता.

"डावीकडे कुणी बसल्यासारखं दाखवतंय, मॅडम," कंपनीचा माणूस ओशाळला. "सकाळपासून ठीक होती."

जुन्या गाडीत तिच्या डावीकडे अकरा वर्षं मोरिवाकीसाहेब बसायचे. हातात भाताचा गोळा, आणि बेल्टसाठी रोज दोनदा सांगायला लावायचे. हिवाळ्यात ते गेले.

"साहेब, बेल्ट लावा," ती सवयीने बोलून गेली. इशारा वाजतच राहिला.

ठाणेप्रमुख खिडकीशी वाकले. "मग, कुठली घ्यायची?"

"हीच."

मग ती रिकाम्या सीटकडे वळून लटक्या रागाने म्हणाली, "मोरिवाकीसाहेब, दुसऱ्यांदा सांगतेय."

डावीकडे खट्कन बेल्ट लागला. इशारा थांबला.