अकरा नंबरचा ट्रेलर

कॅनडातल्या सास्काचेवानमध्ये ऑक्टोबर संपत आला की डार्सी कॅम्पग्राउंडवरच्या एकेका ट्रेलरमधलं पाणी सोडून देतो आणि थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत न गोठणारं गुलाबी द्रावण भरतो. सुट्टीला आलेली माणसं तोवर आपापल्या घरी परतलेली असतात.

"अकरा नंबर तेवढा राहिलाय," आज मॅनेजर ओरेस्ट त्याची नजर टाळत म्हणाला. "उद्या मुख्य नळ बंद करतोय."

"चार दिवस थांब ना, ओरेस्ट."

"मी थांबेन रे. थंडी थांबेल का?"

डार्सी पंप उचलून अकरा नंबरपाशी गेला आणि पायरीवरच उभा राहिला.



"बरं झालं, लवकर आलास," त्याची बायको दार उघडत म्हणाली. "ये आत, बाळाच्या अंघोळीचं पाणी तापलंय."