जुळणारी उत्तरं

“लिहा, नांदते.” रेवतीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

चेतनाने टॅबवरून मान वर केली. कुटुंब-पाहणीतलं मुलुंडच्या या इमारतीतलं हे तिचं नववं घर. आत्ताच तर रेवतीने सांगितलं होतं, घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं.

“ताई, सासूबाईंना ठाऊक नाहीये. मुलगा मस्कतला नोकरी करतो, एवढंच त्यांना माहीत. त्यानेही सांगायचं नाही असं ठरलंय. कळलं तर हाय खातील त्या. बायपास झालीय आधीच.”

“मग तुम्ही अशाच राहणार?”

“दादा नाशिकला बोलावतोय. शाळेत नोकरी बघून ठेवलीय त्याने. सोमवारपर्यंत कळव म्हणतोय.” रेवती ओटा पुसू लागली. तो पुसलेलाच होता. “पण कसं टाकून जाऊ? माझ्या काविळीत महिनाभर त्यांनीच केलं माझं.”

चेतना पुढच्या प्रश्नावर आली. “कुटुंबनियोजनाचं साधन?”

“नांदत्या बायका काय सांगतात तुम्हाला?”

“बहुतेक जणी गोळ्या सांगतात.”

“मग गोळ्या.”

चेतनाने खूण केली. आधीच्या आठ घरांतल्या खुणा तिला एकदम आठवल्या.

तेवढ्यात सासूबाई, शुभाताई, देवळातल्या कीर्तनाहून परतल्या. कपाळावर बुक्का, चेहरा अगदी शांत. रेवती चहा टाकायला आत राहिली.

घरातल्या माणसांची माहिती घरातल्या कर्त्या माणसाकडून वेगळी घ्यायची, असा नियम होता. दोन्हीकडची उत्तरं जुळली नाहीत, तर टॅब फॉर्म पुढे सरकू देत नसे.

“सून विवाहित ना?” चेतनाने विचारलं. असं उत्तर सुचवायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

शुभाताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“घटस्फोट झालाय. लेकाने फोनवर सांगून टाकलं. त्यालाही वर्ष होईल आता.”

चेतनाला हायसं वाटलं. बाईंना कळलंय, सोसलंयही. म्हणजे रेवती आता जाऊ शकते. हे तिला सांगायलाच हवं. ती उठली. शुभाताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“तिला सांगू नकोस हं, बाळ. मला माहीत आहे हे कळलं, तर ती थांबेल कशाला?”