टेबलावर मावेल असा

"अठरा इंची स्क्रीन नको, टेबलावर मावायची नाही," ट्रेंट म्हणाला. पर्थमधल्या त्या दुकानातला विक्रेता लगेच सोळा इंची लॅपटॉपकडे वळला. ब्रॉन्विन नवऱ्याशेजारी उभी राहून ऐकत होती. त्यांच्या घरच्या टेबलावर आठ माणसं आरामात जेवायला बसत.

"ग्राफिक्स कार्ड मात्र तगडं दे, मित्रा. ते मागाहून बदलता येत नाही ना? अजून सहा वर्षं तरी नवे गेम न अडखळता चालले पाहिजेत."

"मग हाच घ्या. फक्त याचा पंखा फार आवाज करतो, आधीच सांगतो. घरच्यांची झोपमोड होईल."

"छे! खोलीत मी एकटाच असतो. वजनाचं बोल. विमानात हातातल्या बॅगेत गेला पाहिजे."

ट्रेंट दोन आठवडे उत्तरेकडच्या खाणीवर असायचा आणि एक आठवडा घरी. या नाताळानंतर खाणीच्या विमानात पाय ठेवणार नाही, हे त्याने आपणहून कबूल केलं होतं. ब्रॉन्विनने तर शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं.

"मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?" विक्रेत्याने हसून विचारलं.

"कॅमेरा चांगला आहे ना, तेवढं बघा," ती म्हणाली. "पोरीला बाप आणखी सहा वर्षं त्यातूनच दिसणार आहे."